घर बघायला आलेल्या बाई

परवा भाचीचा डोंबिवलीहून फोन आला. तिच्या सोसायटीतल्या दहा-बारा बायका मिळून दर जूनला गरजू मुलांना वह्या-पुस्तकं देतात, गणवेश शिवून देतात. चांगलं काम आहे, मनापासून करतात. "मावशी, तू एवढी वर्षं शाळेत काढलीस, आमचा फॉर्म जरा नजरेखालून घाल ना," म्हणाली. फॉर्म मोबाईलवर आला. मी चष्मा लावून, बोटांनी मोठा करकरून वाचला. नाव, इयत्ता, आईवडिलांचं काम, घरात माणसं किती. सगळं ठीक. आणि अगदी तळाशी एक ओळ होती: 'घराचे आतून काढलेले दोन फोटो जोडावेत.'

आतून काढलेले! मी मोबाईल पालथा घातला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच कैऱ्या चिरायला बसले. तासाभरानं भाचीचा पुन्हा फोन. "काय गं, काही चुकलंय का?" मी म्हटलं, "चुकलं काही नाही, मला जरा वेळ दे." चुकलं नाही हे खरंच आहे. हेच काम मी स्वतः केलंय, तेही फोटोशिवाय, मे महिन्याच्या उन्हात चपला झिजवत. आता मला कोणत्या तोंडानं नाक मुरडता येणार?

लोकांचा मे महिना म्हणजे आंबे, गाव, पाहुणे. माझा मे महिना म्हणजे रिकामी शाळा. मुलं नसलेली शाळा फार विचित्र दिसते हो. बाकं एकावर एक रचलेली, फळे पुसून काळेकुळकुळीत, आणि वर्गात बोललं की आपलाच आवाज परत अंगावर येतो. कोपऱ्यात पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडायला लागायचे. सुतळीनं बांधलेले, कोऱ्या कागदाचा आणि खळीचा वास सुटलेला. मी शिपायाची नजर चुकवून एखाद्या गठ्ठ्याला नाक लावायचे. पुढच्या इयत्तेचं पुस्तक सगळ्यांच्या आधी हुंगायला मिळणं हा माझ्या नोकरीतला एक फायदा होता, तो मी पुरेपूर घेतला.

हे गठ्ठे 'विद्यार्थी साहाय्य निधी'चे. नाव मोठं भारदस्त. मुलं त्याला सरळ 'गरीब फंड' म्हणायची, आणि दटावून सांगूनही ते नाव काही गेलं नाही. ठाण्याच्या नौपाड्यातले पेन्शनर, दोन-चार दुकानदार, शाळेचे जुने विद्यार्थी यांच्या देणग्यांवर तो चालायचा. त्यातून पुस्तकं, वह्या, गणवेश आणि दहावीच्या मुलांची परीक्षेची फी. पण संच पंचवीस-तीस आणि अर्ज त्याच्या तिप्पट. मग कोणाला द्यायचं? तर शाळेनं ठरवलं की शिक्षकांनी घरी जाऊन, परिस्थिती डोळ्यांनी बघून यावं.

हे काम माझ्याकडे आलं ते माझ्या स्वभावामुळे. मी पहिल्यापासून चौकस. माझी आई त्याला सरळ भोचकपणा म्हणायची. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवातीची वर्षं, मी तिशीची, बिनलग्नाची, घरी आई आणि मी दोघीच. गावाला जायचं नाही, कोणाची उठबस नाही. हेडसर म्हणाले, "बाई, नाहीतरी तुम्हाला लोकांच्या घरात डोकावायला आवडतं, तर यंदा शाळेसाठी डोकवा." सगळा स्टाफ हसला. मीही हसले, आणि मनातून खूश झाले. खोटं कशाला सांगू?

फॉर्म सायक्लोस्टाईल केलेला असायचा, शाई हाताला लागायची. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, वीज आहे का, पंखा आहे का, रेडिओ, टीव्ही, शिलाई मशीन. शेवटी एक मोठा चौकोन: 'भेट देणाऱ्या शिक्षकाचा शेरा.' त्या चौकोनाचा मला फार अभिमान होता. एका मुलाचं अख्खं वर्ष त्या चौकोनात मावायचं आणि पेन माझ्या हातात असायचं.

लोकांची घरं बघणं ही काय गंमत आहे, ते मला तेव्हा कळलं. दार उघडल्या उघडल्या येणारा वास प्रत्येक घराचा वेगळा. कुठे रॉकेल, कुठे उदबत्ती, कुठे नुसता ओल्या कपड्यांचा. देवांच्या फोटोंची रांग कुठून सुरू होते, घड्याळ किती मिनिटं पुढे आहे, डबे उंचीप्रमाणे लावलेत की हाताला येतील तसे. मी सगळं बघायचे. एका चाळीत गेले, तर बापडा गृहस्थ हात जोडून उभा. "काही नाही हो बाई आमच्याकडे, साधा रेडिओसुद्धा नाही." मी वर पाहिलं. कौलांवर टीव्हीची अँटेना झळकत होती. तिची वायर भिंतीवरून उतरून खिडकीतून आत आली होती आणि आत कशालाच जोडलेली नव्हती. टेबलावर धुळीत चौकोनी डाग. टीव्ही कुठे गेला असेल ते शेजारच्या खोलीतून येणाऱ्या दबक्या हसण्यावरून कळलंच. मी तोंड दाबून बाहेर पडले. घरात पाच मुलं होती, म्हणून शेरा चांगलाच लिहिला. हेडसरांना सांगितलं तर ते डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. तेव्हापासून मी समजून चालले की लोक असलेलं लपवतात. आपण फक्त नजर तयार ठेवायची.

या समजुतीनं घात केला.

नववीचा निकाल लागला त्या दिवशी शैला माझ्याकडे आली होती. खाडीकाठच्या कोळीवाड्यातली मुलगी. काटक, सावळी, वर्गात तिसऱ्या बाकावर. पहिली-दुसरी नव्हे, पण गणितात उत्तर चुकलं तर का चुकलं हे कळल्याशिवाय जागची न हलणारी. मला अशी मुलं आवडतात. प्रगतिपुस्तक पुढ्यात धरून म्हणाली, "बाई, मी फंडाचा अर्ज दिलाय. पुस्तकं आणि फी मिळाली तर दहावी. नाहीतर जूनपासून आईबरोबर पाटी." पाटी म्हणजे मासळीची. तिनं ते रडूनबिडून सांगितलं नाही, हवा कशी आहे सांगावी तसं सांगितलं. मी म्हटलं, "मी येते घरी. काळजी करू नकोस."

नौपाड्यातून निघून रेल्वेचा पूल ओलांडला की कोपरी, आणि तिथून पुढे खाडीकडे चालत राहायचं. इतकी वर्षं ठाण्यात राहून मी तिकडे कधी गेले नव्हते. दहा मिनिटांत गाव बदलतं. मिठागरातला मिठाचा पांढरा ढीग उन्हात बघवत नव्हता. ओट्यांवर, चटयांवर, जुन्या जाळ्यांवर जवळा वाळत घातलेला. त्या वासानं मी पहिल्यांदा पदर नाकाला लावला, आणि समोरून दोन बायका बघतायत म्हटल्यावर घाम पुसल्यासारखं केलं. मेमधली ती सगळी लगबग पावसाळ्याच्या बेगमीची. पावसात होड्या बंद, तेव्हा खायला आणि विकायला हीच सुकी मासळी. त्या बेगमीला तिकडे 'आगोट' म्हणतात. शैलानंच सांगितलं, वाटेत. ती मला न्यायला नाक्यापर्यंत आली होती, वेणीला नवी रिबीन लावून.

शैलाची आई भागीरथी, सगळा वाडा तिला भागीबाय म्हणायचा. दारातच उभी होती. बाई गं, काय तो थाट! हिरवंगार लुगडं, गळ्यात पुतळ्यांची माळ, हातात पाटल्या. "या बाई, या. खुर्चीवर बसा. खाली नका बसू." दोन लोखंडी घडीच्या खुर्च्या, मध्ये स्टूल, स्टुलावर क्रोशाचा रुमाल. टेबलफॅन माझ्याच तोंडावर सोडलेला. लखलखीत स्टीलच्या ग्लासांतून सरबत आलं, मागून बशीभर तळलेले मासे. मी म्हटलं, "अहो, मी खात नाही." भागीबायचा चेहरा क्षणभर उतरला, मग तिनं शैलाला पिटाळून ताडगोळे आणवले आणि स्वतःच्या हातानं सोलून दिले.

मी विचारलं, "धंदा कसा आहे?"

"ब्येस हाय. आईच्या किरपेनं काय कमी नाय."

"शैलाचे वडील?"

"कामाव गेलंत."

ते खाडीतल्या रेतीच्या होडीवर होते, बुडी मारून तळाची रेती बादलीनं वर काढायचे, एवढं अर्जावर लिहिलेलं होतंच. मी गारेगार ताडगोळा खात फॉर्म भरला. पंखा, आहे. खुर्च्या, आहेत. दागिने असा रकाना नव्हता, पण डोळे काय मिटून घ्यायचे? मला मासे म्हणजे मासे, आणि मासे म्हणजे चैन, एवढंच माहीत. शैला दाराच्या चौकटीला टेकून माझ्या पेनाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघून हसले. घरी येऊन शेरा लिहिला: 'घरची परिस्थिती बरी. मदतीची आवश्यकता दिसत नाही.'

आवश्यकता दिसत नाही! इतक्या वर्षांनी तो वाक्प्रयोग आठवला तरी कानशिलं तापतात. दिसत नाही म्हणजे काय? कोणाला दिसत नाही? मराठी शिकवणारी बाई मी, मुलांच्या निबंधात असलं वाक्य आलं असतं तर लाल शाईनं कर्ता विचारला असता.

चार दिवसांनी त्याच वाड्यात, भागीबायच्या घरामागच्याच घरी जायचं होतं. आठवीतल्या एका मुलाचा अर्ज. आत गेले, बसले, आणि बसता बसता वाटलं की या खुर्चीची ओळख आहे. डाव्या हाताची पट्टी निखळलेली, तीच. पंखा सुरू झाला, तोही वळताना कुरकुरणारा, तोच. मी त्या मुलाच्या आईला म्हटलं, "अगदी असाच पंखा भागीबाईंकडे आहे, नाही?"

ती बाई खो खो हसायला लागली. "असाच कसा? त्योच! बाई, तुमी येनार म्हनून आमच्या अख्ख्या गल्लीनं भागीचं घर सजवलंवतं. खुर्च्या माज्या, पंखा माजा. तिच्याकडं लाईटचा बोर्डबी नाय, वायर माज्या खिरकीतनं दिली. गलास त्या कोपऱ्यावरच्या घरचं. नि पुतल्यांची माल नि पाटल्या तिच्या ननंदेच्या."

वायर! ती खिडकीतून बाहेर जाताना मी पाहिली होती. डोळ्यांसमोर होती. एका वायरीवरून सगळा टीव्ही शोधून काढणारी मी, आणि दुसरी वायर मला नुसती वायर दिसली.

"आणि मासे?" मी विचारलं. आता मला राहवेना.

"निवट्या त्या. चिखलात हात घालून पोरं धरतात. त्याला काय पैसं लागतंय?"

"आणि नवरा? तो तरी स्वतःचा ना?" मी थट्टेनं म्हटलं, खरंच थट्टेनं.

ती बाई हसायची थांबली. "त्यो हितं व्हता. माज्या वट्याव निजलावता. शिमग्यापास्नं कामाव नाय त्यो. बुडी मारून मारून कान गेलं, आता छातीत धरलंय. बाईंच्या म्होरं खोकत बसंल म्हनून भागीनं त्याला हितं आनून टाकला."

मी तिचा फॉर्म कसा भरला आठवत नाही. बाहेर आले तर ऊन डोक्यावर होतं, आणि मला एकच प्रश्न कुरतडत होता: का? टीव्ही लपवणारा माणूस कळतो, त्याला काहीतरी मिळवायचंय. पण हिला पुस्तकं हवी होती ना? मग पंखा कशाला आणला?

मी तडक भागीबायकडे गेले. ती ओट्यावर सुकट निवडत होती. गळ्यात काळी पोत, अंगावर विटलेलं लुगडं. मला बघून दचकली, पदर सारखा केला. मी सगळं सांगितलं, माझा शेराही सांगितला. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मना वाटलं, तुमी शैलाचं घरानं कसं हाय ते बगाला येताव. चांगल्या घरची पोर हाय म्हनल्याव शाला पुस्तकं देईल. वायट घरच्या पोरीव कोन पैसा टाकल?"

आता सांगा! तिचा हिशेब काय चुकीचा होता? आमच्यात मुलगी बघायला येतात तेव्हा दुसरं काय करतात? शेजारचा सोफा, मावशीच्या बांगड्या, आणि पोहे मात्र मुलीनंच केलेले. बाई घर बघायला येणार, म्हणजे घर दाखवायचं. आणि धंद्याला तर ती कधीच वाईट म्हणायची नाही. पाटी डोक्यावर घेतली की 'ब्येस' म्हणायचं, नाहीतर गिऱ्हाईक फिरकत नाही. गरिबी दाखवल्यावर काही मिळतं, ही गोष्टच तिच्या गावी नव्हती. ती आम्हा नौपाड्यातल्या लोकांची रीत.

मी हेडसरांकडे गेले. माझी चूक झाली म्हणून स्वच्छ सांगितलं. ते वाईट माणूस नव्हते, पण नियमाला चिकटून राहणारे. एकदा दिलेला शेरा फिरवायचा तर दुसऱ्या कोणीतरी जाऊन बघून यायला हवं. "मी स्वतः येतो," म्हणाले, "पण याच आठवड्यात. यादी शनिवारी बंद होतेय. तिचा संच मी बाजूला ठेवून देत नाही, तसं केलं तर उद्या प्रत्येकजण मागेल."

म्हणून मी परत वाड्यात. आणि तिथे मी ते वाक्य बोलले, ज्यासाठी हे सगळं लिहितेय. म्हटलं, "भागीबाई, हेडसर येतील तेव्हा काही आणू नका. आहे तसंच राहू द्या. शैलाच्या वडिलांनाही घरातच असू द्या."

ती उसळली. "पाव्हना येनार नि मी घर उगडं टाकू? मोट्या सरांना माजा नवरा खोकताना दावू? नि सगली गल्ली बगनार! उंद्या पोरीचं लगीन करायचंय मना, बाई. नाक कापून ठेवू का हातावर?"

"पण पुस्तकं—"

"नको तुमची पुस्तकं. पाटी हाय."

मीही चिडले. माझा पारा चढायला वेळ लागत नाही. म्हटलं, "तुमच्या नाकापायी पोरीचं वर्ष घालवणार तुम्ही!" ती सुपातली सुकट पाखडायला लागली. शैला आत चुलीशी होती. सगळं ऐकत होती. मी तरातरा निघून आले, वाटेत पूल चढताना स्वतःशी भांडत. मी खरं तेच तर सांगत होते. खरं घर जसं आहे तसं दाखवा, यात काय वाईट? पण हेडसर माझ्या घरी येणार असते तर मी पलंगाखालची गोणपाटं बाहेर राहू दिली असती का? आईला तिच्या जुन्या साडीत बसवलं असतं? काहीही बोलत होते मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैला शाळेत हजर. रिकाम्या वर्गात मी यादी करत होते. दारातूनच म्हणाली, "बाई, सरांना उद्या बाराला आणा. आई उद्या सुकं घेऊन कल्याणला जाते, संध्याकाळपर्यंत येत नाही."

चौदा वर्षांची पोर.

"आईला विचारलंस?"

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही पण नका विचारू."

मोठ्या माणसानं तेव्हा काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "बरं."

बाराच्या उन्हात आम्ही गेलो. हेडसर छत्री घेऊन, मी फॉर्म घेऊन. दार उघडंच होतं. आत काही नव्हतं. काही नव्हतं म्हणजे खरंच नव्हतं, एक दोरी, दोरीवर कपडे, भिंतीला टेकवलेली चटई, आणि कोपऱ्यात वाकळेवर शैलाचे वडील. हेडसरांना बघून ते कोपरावर उठायला लागले. "उठू नका, उठू नका," सर म्हणाले. त्यांना ऐकू आलं नसावं. ते उठून बसले, हात जोडले आणि मग खोकला लागला तो थांबेना.

शैला मध्ये उभी राहिली. शाळेचा गणवेश घातला होता तिनं, मे महिन्यात. सर विचारत गेले आणि ती उत्तरं देत गेली, तोंडी परीक्षेला उभी असल्यासारखी, हात मागे बांधून. वीज नाही. पंखा नाही. बाबा शिमग्यापासून घरी. औषध सुरू होतं, आता बंद आहे. आई पहाटे चारला जाते. मग, कोणी न सांगता, तिनं तांदळाचा डबा उचलून आणला, झाकण काढलं आणि सरांपुढे तिरका धरला. आत तळाशी थोडेसे तांदूळ होते.

सर म्हणाले, "पुरे, बाळ. पुरे."

तिला वाटलं अजून काही राहिलंय. ती दुसरा डबा आणायला वळली. मी तिचा हात धरला. तेवढ्यात माझं लक्ष तिच्या वडिलांकडे गेलं. ते आमच्याकडे बघत नव्हते, चटईच्या कडेकडे बघत होते. आम्ही गेल्यावरही बराच वेळ ते तसेच बसले असतील, असं मला वाटतं.

परत येताना हेडसरांनी छत्री उघडलीच नाही. पुलावर म्हणाले, "हे काम फार वाईट आहे हो, बाई." एवढंच. फॉर्मवर त्यांनी स्वतः शेरा लिहिला, मला बघू दिला नाही. शनिवारी यादीत शैलाचं नाव होतं. मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना आईला आवडते म्हणून जिलेबी घेऊन गेले. जिलेबी खाता खाता मला एकदम कसंतरी झालं. आईनं विचारलं, "काय गं, गोड बाधलं का?"

शैला दहावी झाली, चांगली झाली, हे सांगून टाकते. पुढे तिचं काय झालं ते मला माहीत आहे, पण ते तिचं आहे. निदान इथे तरी मी माझा भोचकपणा आवरते. पुढच्या वर्षापासून मी घरं बघायला जायचं नाकारलं. हेडसरांनी कारण विचारलं नाही. मग कोणीतरी दुसरं जायला लागलं. घरं बघणं काही थांबलं नाही, नव्वदीतही चालूच होतं, आणि त्यात चांगल्या मनाची माणसं होती. दुसरा काय उपाय, हे मला तेव्हाही सुचलं नाही. पंचवीस संच आणि ऐंशी अर्ज. कोणाला द्यायचं हे न बघता कसं ठरवायचं? भाचीला मी काय सांगू? फोटोची ओळ काढ म्हणू, तर ती विचारणार, मग कळणार कसं? प्रश्न बरोबरच आहे तिचा. तो पहिल्यांदा मला वेगळ्याच माणसानं विचारला होता.

जूनमध्ये शाळा उघडली. फंडाच्या मुलांना पुस्तकं मधल्या सुट्टीत, ऑफिसच्या मागच्या खोलीत वाटली. तेवढं एक मी भांडून करून घेतलं होतं. शैला पिशवी घेऊन गेली, आणि मी व्हरांड्यात आले तर फाटकाशी भागीबाय उभी. पायाशी रिकामी पाटी. ही आता सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढणार, आणि ते माझ्या वाट्याला यायलाच हवं, असं म्हणून मी समोर गेले.

"गल्लीनं सांगितलं मना," ती म्हणाली. "माज्या मागं येऊन घर बगून गेलाव. धनी तवापास्नं पोरीसंगं बोलत नाय."

तिचा आवाज चढलेला नव्हता, हे जास्त अवघड होतं. तिची समजूत घालावी म्हणून, खरं तर स्वतःचीच घालावी म्हणून, मी म्हटलं, "भागीबाई, यात लाज कसली? अहो, मीसुद्धा फी न भरता शिकले. पहिलीपासून अकरावीपर्यंत. माझे वडील मास्तर होते, मास्तरांच्या मुलांना फी माफ असते."

तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता. नवीन काहीतरी कळल्यावर शैलाच्या चेहऱ्यावर जे यायचं, तेच तिच्या चेहऱ्यावर आलं.

"तुमालाबी माफ?"

"हो."

"मंग तुमच्या घरी कोन आलतं बगाला?"

"कोणी नाही," मी म्हटलं. "वडिलांनी एका कागदावर सही करून दिली."

"कोनीच नाय आलं? डबं बगाला, मानूस बगाला?"

"नाही."

ती विचारात पडली. खरोखर विचारात पडली, पाटीच्या काठावर बोटं ठेवून. मग म्हणाली, "मंग त्यांना कसं कललं, तुमाला पायजे म्हनून?"

घंटा झाली, मुलं धावत वर्गात गेली. ती उत्तरासाठी थांबली होती. मी म्हटलं, "त्यांनी ते विचारलंच नव्हतं."